डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री : पाळकांचं कृतीसंशोधन आणि त्याचा अर्ज



गावात अर्ज कोणाचाही असो, पीक विम्याचा असो, शिष्यवृत्तीचा असो की जातीच्या दाखल्याचा, शेवटी तो मास्तरांकडे येतोच. आपल्या वर्गात ख्रिस्ती कुटुंबांतली मुलंही असतात आणि त्यांतल्या काहींचे वडील किंवा आई मंडळीत पाळक म्हणून काम करतात. अशा एका पालकांच्या निमित्तानं मला एका वेगळ्याच अर्जाचा अभ्यास करावा लागला. पदवीचं नाव डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री, थोडक्यात डी.मिन. स्टाफरूममध्ये हे नाव काढलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "कोणत्या खात्याची मिनिस्ट्री?" मंत्रालयाशी याचा काही संबंध नाही बरं का. इथे मिनिस्ट्री म्हणजे सेवाकार्य. उपासना चालवणं, उपदेश करणं, आजाऱ्याला भेटणं, लग्न लावणं, प्रेत मूठमाती देईपर्यंत घरच्यांसोबत उभं राहणं, हे सगळं त्यात येतं.

आता ही पदवी पीएच.डी.पेक्षा वेगळी कशी? आपण डी.एड.वाल्यांना हे समजायला अजिबात जड नाही. पीएच.डी. करणारा विचारतो, या विषयात आजवर कोणी न शोधलेलं असं काय आहे? डी.मिन. करणारा विचारतो, माझ्या मंडळीत हे असं का होतंय आणि मी काय केलं तर फरक पडेल? म्हणजे काय तर कृतीसंशोधन! "इयत्ता तिसरीच्या विद्यार्थ्यांना हातच्याची वजाबाकी करताना येणाऱ्या अडचणी, कारणे व उपाय" अशा शीर्षकाच्या वह्या आपण सगळ्यांनी भरल्या आहेत. स्टीफन कोरे यांचं शालेय कृतीसंशोधनावरचं पुस्तक १९५३ चं. ज्याला अडचण येते त्यानंच ती अभ्यासावी, हा त्यातला विचार. पाळकांच्या शिक्षणात तोच विचार पुढे आला आणि अमेरिकेत १९७० च्या सुमारास डी.मिन. ही रीतसर व्यावसायिक पदवी म्हणून रूढ झाली. नोकरी सोडून वसतिगृहात राहायचं नाही. मंडळीत काम चालू ठेवायचं, वर्षातून एकदोनदा आठवडा-दोन आठवड्यांच्या सघन वर्गाला बसायचं, बाकी वाचन आणि लेखन घरी. शेवटी आपल्याच मंडळीत केलेला प्रकल्प आणि त्याचा प्रबंध. अमेरिकेत साधारण ३० क्रेडिट आणि तीन ते सहा वर्षं असा हिशोब धरतात.

हे सगळं वाशिमपासून फार लांबचं वाटतं, पण तसं ते नाही. वाशिमच्या जुन्या माणसांना रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल चांगलं ठाऊक आहे. नाझरीन चर्चच्या मिशनचा तो दवाखाना. १९३० च्या दशकात डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन डॉक्टरबाईंनी तो उभा केला. आपल्या शेजारच्या यवतमाळला १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. सेमिनरी म्हणजे पाळकांचं अध्यापक विद्यालयच समजा. पुढे १९८३ मध्ये ती पुण्याला, बिबवेवाडीत गेली. म्हणजे देशभरचे पाळक कधीकाळी शिकायला आपल्या वऱ्हाडात येत होते. आज आपल्याकडच्या पाळकाला मात्र शिकायला पुणं नाहीतर बंगाल गाठावं लागतं.

बंगाल का, तर सेरामपूरमुळे. (आपल्या नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, हुगळीकाठचं.) विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी १८१८ मध्ये तिथे कॉलेज काढलं. तेव्हा ते गाव डेन्मार्कच्या ताब्यात होतं. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजानं सनद देऊन कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार दिला. इंग्रजांच्या काळात १९१८ च्या सेरामपूर कॉलेज कायद्यानं त्या अधिकाराला नवा आधार मिळाला. देशातल्या अनेक सेमिनऱ्या या सेरामपूरच्या सिनेटशी संलग्न आहेत. भाषा शिकवणाऱ्यांसाठी एक जास्तीची गोष्ट सांगतो. हे कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीही शिकवत आणि त्यांचं मराठी व्याकरण १८०५ साली छापलं गेलं.

सनद, कायदा हा सगळा इतिहास सांगायचं कारण पुढे आहे. डी.मिन.चा अर्ज भरण्याआधी पहिला प्रश्न विचारायचा तो हा की पदवी कोण देतंय आणि ती देण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातलं कलम २२ वाचा. पदवी कोणी द्यायची ते त्यात स्पष्ट आहे : कायद्यानं स्थापन झालेली विद्यापीठं, अभिमत विद्यापीठं आणि संसदेनं खास अधिकार दिलेल्या संस्था. आशिया थिऑलॉजिकल असोसिएशनसारख्या संस्था सेमिनऱ्यांचा दर्जा तपासतात. चर्चच्या वर्तुळात त्यांच्या शिक्क्याला मान आहे, पण तो शिक्का सरकारी नाही. अमेरिकेत आणि कॅनडात असोसिएशन ऑफ थिऑलॉजिकल स्कूल्स हे काम करते. मंडळीत सेवा करायची असेल तर चर्चची मान्यता पुरेशी असू शकते. पण कोणी सरकारी नोकरी, पदोन्नती किंवा प्राध्यापकी डोळ्यांसमोर ठेवून यात पैसे घालत असेल तर आधी लेखी खात्री करून घ्यावी. तोंडी "चालतं हो सगळीकडे" यावर विसंबू नये.

आणि ज्या ठिकाणी ना वर्ग, ना प्रबंध, फक्त पैसे भरा आणि हॉटेलच्या हॉलमध्ये झगा घालून "डॉक्टर" व्हा, तिथे जाऊच नका. आयोग बोगस विद्यापीठांची यादी जाहीर करतो, ती पाहायला दोन मिनिटं लागतात. मंडळीतल्या मजुरी करणाऱ्या माणसांच्या वर्गणीतून पाळकाचं घर चालतं. तो पैसा नावापुढच्या दोन अक्षरांवर जाणं मला तरी पटत नाही.

पात्रतेचं थोडक्यात. आधी ईश्वरविज्ञानाची मूळ व्यावसायिक पदवी लागते. आपल्याकडे तिला बी.डी. म्हणतात, अमेरिकेत एम.डिव्ह. त्यानंतर प्रत्यक्ष सेवेचा अनुभव. पूर्वापार तीन वर्षांची अट सांगितली जाते, काही ठिकाणी जास्तही मागतात. अनुभवाची अट उगाच नाही. ज्यानं वर्गच घेतला नाही तो कृतीसंशोधन कशावर करणार? कॅन्सस सिटीची नाझरीन थिऑलॉजिकल सेमिनरी असो की आपल्या देशातली एखादी संस्था, नियम थोडेफार बदलतात. म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच प्रमाण मानावी, दोन वर्षांपूर्वी कोणी भरलेला अर्ज नव्हे.

आता मुख्य मुद्दा, उद्देशपत्र. गुणपत्रकं सगळ्यांचीच येतात, निवड होते ती बरीचशी या दोन-तीन पानांवर. आमच्या पालकांनी मला पहिला मसुदा दाखवला तेव्हा विषय होता, "एकविसाव्या शतकात चर्चची भूमिका". भाषा सुंदर, पण त्यात वाशिम कुठेच नाही. तेच पत्र केरळमधून आलं असतं तरी चाललं असतं आणि केनियातून आलं असतं तरी!

मी त्यांना विचारलं, "पास्टरसाहेब, मागच्या वर्षात तुम्हाला रात्री झोप लागली नाही, असं काय घडलं?"

ते जरा थांबले. मग म्हणाले, "सर, मंडळीतल्या एका घरी कर्त्या माणसानं विष घेतलं. मूठमाती झाली, आम्ही प्रार्थना केली, जेवण दिलं. तीन महिन्यांनी गेलो तर बाई घर बंद करून माहेरी गेलेली. पोरगा शाळेतून काढलेला. आम्हाला पत्ताच नाही."

"मग हेच लिहा ना."

"हे? हे तर आमचं अपयश झालं, सर. अर्जात कसं लिहायचं?"

इथेच बहुतेकांचं अडतं. अर्ज म्हटला की माणूस यशाची यादी करतो : इतके बाप्तिस्मे, इतकी शिबिरं, इतक्या सभा. पण निवड समितीला हवा असतो असा प्रश्न, जो अर्जदाराला खरोखर सुटलेला नाही आणि जो तो स्वतःच्या जागेवर अभ्यासू शकतो. वाशिम हा २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांपैकी एक. ते पॅकेज कशासाठी आलं होतं हे इथल्या पोरासोरांनाही माहीत आहे. अशा जिल्ह्यात "आत्महत्या झालेल्या घराला मंडळी पहिल्या आठवड्यात आधार देते, पण वर्षभर का देऊ शकत नाही?" हा प्रश्न पूर्णपणे इथला आहे. तो मोजता येतो, लोकांशी बोलून समजून घेता येतो आणि त्यावर काहीतरी करून पाहता येतं. भेटींचं वेळापत्रक, बायकांचा एक गट, मुलाच्या शाळेशी संपर्क, वर्षानंतर पुन्हा तपासणी. बघा, आपल्या वहीतलीच पायरी न् पायरी आहे : समस्या, कारणं, गृहीतक, कार्यवाही, निष्कर्ष. एक काळजी मात्र घ्यायची. त्या घराचं नाव, गाव, ओळख पटेल असं काहीही अर्जात येऊ द्यायचं नाही आणि पुढे प्रकल्पासाठी बोलायचं झालं तर आधी त्यांची संमती घ्यायची.

मराठी ख्रिस्ती समाजाला अशी परंपरा नवी नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना प्रश्न पडला होता की परक्या चालीच्या उपासनेत आपल्या माणसाचं मन कसं रमेल. त्यांनी अभंग, भजन, कीर्तन वापरून पाहिलं आणि १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडून "देवाचा दरबार" उभा करायला घेतला. डी.मिन. ही पदवी तेव्हा जन्मलीही नव्हती. पण प्रश्न कसा जमिनीतून यावा लागतो, याला याहून चांगलं मराठी उदाहरण मला सापडत नाही.

भाषेबद्दल. पत्र बहुतेक ठिकाणी इंग्रजीत लागतं. माझा सल्ला, पहिला मसुदा मराठीतच लिहा, घरी बोलतो तशा मराठीत. थेट इंग्रजीत लिहायला बसलं की छापील वाक्यं येतात आणि माणूस हरवतो. आमच्या पालकांनी चार पानं मराठीत लिहिली, मग त्यांच्या मुलीनं आणि आम्ही दोघांनी मिळून इंग्रजी केली. "मूठमाती" या शब्दापाशी अर्धा तास गेला. शेवटी शब्द तसाच ठेवला आणि अर्थ पुढच्या वाक्यात सांगितला. परदेशी संस्था इंग्रजीची परीक्षाही मागतात. तिची फी आणि केंद्र कुठल्या शहरात आहे ते आधीच पाहा.

पैशाचं मोकळेपणानं बोलायला हवं. परदेशी फी डॉलरमध्ये, शिवाय सघन वर्गांसाठी प्रवास. मंडळी, चर्चचं जिल्हा कार्यालय आणि संस्थेची शिष्यवृत्ती, तिन्हीकडे एकाच वेळी विचारावं. पाळक वर्षातून तीन-चार आठवडे नसणार हे मंडळीच्या पंचांना आधी सांगून त्यांचं संमतीपत्र घ्यावं. बऱ्याच ठिकाणी ते अर्जासोबत लागतंच. घरच्यांनाही विचारा. मुलांची वार्षिक परीक्षा आणि बाबांचा सघन वर्ग एकाच आठवड्यात येऊ शकतो.

शिफारसपत्रं साधारण तीन असतात : एक चर्चच्या वरिष्ठांचं, एक सेमिनरीतल्या जुन्या शिक्षकांचं आणि एक सोबत काम केलेल्या माणसाचं. तिसऱ्यासाठी मोठं नाव शोधू नका. ज्या परिचारिकेनं, शिक्षिकेनं किंवा मंडळीतल्या बाईनं तुमचं काम रोज पाहिलंय, तिचं पत्र जास्त बोलतं. आणि सेमिनरीचं अधिकृत गुणपत्रक सगळ्यात आधी मागवा. ते बंद पाकिटात किंवा थेट संस्थेकडून पाठवावं लागतं आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा रेकॉर्ड शोधून काढायला कार्यालयाला वेळ लागतो. अर्जाची शेवटची तारीख मार्चमध्ये असेल तर हे पत्र दिवाळीच्या आधी पोस्टात पडलेलं बरं.