बर्नआउटला थर्मामीटर नाही, बॉस!

पुण्यातल्या एका आयटी कंपनीत काम करणारी माझी मैत्रीण. एचआरचा सर्व्हे आला, प्रश्न एकच : 'तुम्ही इथे खूश आहात का?' खाली पाच स्मायली. मॅडमनी चौथ्या, हसऱ्या स्मायलीवर क्लिक केलं. दोन महिन्यांनी राजीनामा! ''अगं, मग हसरा स्मायली कशाला?'' ''त्या दिवशी पगार झाला होता ना!''

हसू आलं, पण गोची इथेच आहे. ताप थर्मामीटरने मोजता येतो. थकलेलं मन कशाने मोजणार? संख्याशास्त्रात अशा न दिसणाऱ्या गोष्टींना म्हणतात 'लेटंट व्हेरिएबल', म्हणजे सुप्त चल. त्या थेट दिसत नाहीत, दिसतात त्यांच्या खुणा. धुरावरून आग ओळखावी तसं.

ही आयडिया जुनीच. १९०४ मध्ये चार्ल्स स्पिअरमनने शाळकरी मुलांचे गुण तपासले. एका विषयात पुढे असलेली मुलं बहुतेकदा दुसऱ्यातही पुढे. म्हणजे या सगळ्यामागे काहीतरी समान असणार, असं त्याने मांडलं. त्यातूनच 'फॅक्टर अॅनालिसिस' आलं.

बर्नआउटसाठी हेच काम १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी केलं. त्यांच्या प्रश्नावलीत २२ विधानं आहेत. असं वाटतं का, यापेक्षा किती वेळा वाटतं, हे त्यात महत्त्वाचं. एवढी विधानं कशाला? कारण एकट्या उत्तरात पगार, जागरण, बॉसचा मेल असं सगळंच मिसळतं. पण अनेक उत्तरं एकत्र वर-खाली होऊ लागली, की त्यांच्यातला समान धागा हाती लागतो.

आणि धागे तीन निघाले : भावनिक थकवा, माणसांबद्दलचा कोरडेपणा आणि 'आपण काहीतरी चांगलं करतोय' ही भावना ओसरणं. तिन्हींचे गुण वेगळे मोजायचे, बेरीज नाही. कारण दमलेला माणूसही कामावर प्रेम करत असू शकतो.

आणखी एक गफलत नको. रात्री नऊपर्यंत ऑफिसात बसणं हे बर्नआउटचं कारण असू शकतं, पण ती त्याची खूण नव्हे. नुसते तास मोजून मन कळत नाही.

मैत्रिणीच्या खुणा मात्र समोरच होत्या. ग्रुपबरोबर जेवायला जाणं बंद, क्लायंटचा फोन वाजला की चिडचिड, 'काय उपयोग?' हे पालुपद. सुट्या सुट्या पाहिल्या तर क्षुल्लक. आम्ही त्या एकत्र पाहिल्याच नाहीत.

तुमच्या शेजारच्या क्युबिकलमध्ये काय चाललंय? आणि हो, तुमच्या स्वतःच्या?