‘लागलं तर’चं वजन किती?

1954 साली हॉलिवूडमध्ये ‘द लाँग, लाँग ट्रेलर’ नावाचा विनोदी चित्रपट आला. दिग्दर्शक व्हिन्सेंट मिनेली, आणि नायक-नायिकेच्या भूमिकेत देसी अर्नाझ व ल्युसिल बॉल हे खऱ्या आयुष्यातलंच जोडपं. नवी नवरी, नवा नवरा आणि मोटारीला जोडलेला 36 फूट लांबीचा पिवळा ट्रेलर, असा हा संसार अमेरिका पाहायला निघतो. बाईंना छंद असा, की जिथे मुक्काम पडेल तिथला एक दगड आठवण म्हणून उचलायचा. शिवाय फळांच्या मुरांब्यांच्या बरण्या भरायच्या. सिएरा नेवाडाचा घाट चढण्याआधी नवरा बजावतो, हे सगळं इथेच टाकून दे. ती हो म्हणते आणि दगड-बरण्या ट्रेलरच्या कानाकोपऱ्यात लपवून ठेवते. घाटात चढ लागतो, दगड गडगडायला लागतात, बरण्या फुटतात आणि पाठोपाठ लग्नालाही तडा जायची वेळ येते. ते चित्रीकरण कॅलिफोर्नियातल्या व्हिटनी पोर्टलच्या खऱ्याखुऱ्या घाटरस्त्यावर झालं होतं.

चित्रपट हसण्यासाठी काढलेला असला, तरी त्यातलं भांडण आजही रोज कुठल्या ना कुठल्या मोटरहोममध्ये होत असतं. जोडप्यातला एक जण म्हणतो, “असू दे बरोबर, लागलं तर?” दुसरा म्हणतो, “नाही लागलं तर?” यातलं कोण काय म्हणेल हे नवरा-बायकोवर अवलंबून नसतं. पाच स्वेटर भरणारे नवरे असतात आणि पाठीवरच्या एका पिशवीत पंधरा दिवस काढणाऱ्या बायकाही असतात.

साध्या मोटारीने गावाला जाताना या वादाचा निकाल डिकी लावते. झाकण लागलं तर सगळं मावलं, नाही लागलं तर एक बॅग घरी. मोटरहोममध्ये असा निकाल लागत नाही. गाडीतच पलंग, ओटा, फ्रीज, न्हाणीघर. डोक्यावर कपाटांची रांग, बसायच्या बाकाखाली खण आणि मागच्या पलंगाखाली ‘गॅरेज’ म्हणतात ती सायकली उभ्या राहतील एवढी पोकळी. कितीही भरा, जागा उरतेच. म्हणून ‘असू दे’वाल्यांची बाजू कायम वरचढ वाटते. मोटरहोमची खरी गोम इथेच आहे. या गाडीत जागा संपण्याच्या कितीतरी आधी वजन संपतं, आणि ते संपल्याचं कुठलंही कपाट सांगत नाही.

युरोपात हा हिशेब फार काटेकोर आहे. तिथे मोटार चालवण्याच्या साध्या परवान्यावर 3,500 किलोपर्यंतचं वाहन चालवता येतं, म्हणून बहुतेक मोटरहोम कागदोपत्री याच मर्यादेत बसवलेली असतात. ब्रिटनमध्ये 1 जानेवारी 1997 पूर्वी परीक्षा पास झालेल्यांना साडेसात टनांपर्यंतची मुभा आहे; त्यानंतरच्यांना साडेतीन टनच. युरोपीय संघाने 2025 मध्ये मंजूर केलेल्या नव्या परवाना-नियमांत मोटरहोमसाठी ही मर्यादा काही अटींसह 4,250 किलोपर्यंत नेण्याची तरतूद आहे, पण एकेका देशाचा कायदा बदलेपर्यंत जुनंच गणित चालणार.

त्या गणितातला एक नियम मोठा मजेशीर आहे. गाडीचं ‘चालू स्थितीतलं वजन’ काढताना टाकीत नव्वद टक्के इंधन आणि आसनावर 75 किलोचा चालक धरतात. शेजारी बसणारं माणूस मात्र त्यात धरत नाहीत. ते उरलेल्या वजनातून वजा होतं. थोडक्यात, जो गाडी चालवतो तो गाडीचा भाग आणि जो नकाशा बघतो, खायला देतो, झोप उडावी म्हणून गप्पा मारतो, तो सामान! बॅगांवरून वाद घालताना चालकाने हे लक्षात ठेवलेलं बरं.

पुढचा नियम तितका मजेशीर नाही. सगळे प्रवासी बसल्यावर त्यांच्या सामानासाठी किमान किती वजन शिल्लक राहायला हवं, याचं युरोपात एक सूत्र ठरलेलं आहे: चालकासह माणसांची संख्या अधिक गाडीची मीटरमधली लांबी, या बेरजेची दहापट. चौघांच्या सात मीटर लांब गाडीला हे 110 किलो होतात. माणशी साडेसत्तावीस किलो. विमानाने परदेशी जाताना आपण एवढं तर एका बॅगेत भरतो, आणि इथे त्यात कपड्यांबरोबर भांडी, धान्य, अंथरुणं, खुर्च्या, मुलांची खेळणी असं सगळं आलं.

आता दोघांच्या गाडीचा हिशेब मांडून पाहू. समजा, चालू स्थितीत गाडी 2,950 किलोची आहे. म्हणजे 550 किलो हाताशी, ऐकायला भरपूर. जोडीदाराचे 75 गेले, उरले 475. बाहेर सावली हवी म्हणून बाजूला गुंडाळी-छत बसवलं, ते तीसेक किलोचं. विजेवर चालणारी सायकल पंचवीस किलोच्या आसपास भरते. दोन सायकली आणि त्या अडकवायचा सांगाडा मिळून साठ. शिशाची जादा बॅटरी पंचवीस. गॅसचं दुसरं सिलिंडर बावीस. घडीचं टेबल आणि खुर्च्या वीस. अवजारांची पेटी, विजेची लांब केबल, पाण्याचा पाइप, उताराच्या जागी चाकांखाली ठेवायचे ठोकळे मिळून तीस. पाण्याची गोम निराळी. टाकी शंभर लिटरची असली, तरी अनेक उत्पादक कागदावर प्रवासापुरतं वीसच लिटर पाणी धरतात. कुणी निघताना टाकी काठोकाठ भरली, की 80 लिटरचे 80 किलो गुपचूप चढले. इथवरची बेरीज 267 किलो. यात एकही साडी, जीन्स किंवा जोडा आलेला नाही.

मग येतात डबे, भांडी, धान्य आणि पेयं: ऐंशी किलो. आणि ज्यावरून घरात आदल्या रात्री अबोला झाला ते दोघांचे मिळून कपडे: तीस किलो.

या यादीतलं जड काय आणि ते कोणी आणलं, हे जरा निरखून पाहण्यासारखं आहे. मोटरहोमवाल्या जोडप्यांत अनेकदा असं दिसतं, की जो जोडीदाराच्या चौथ्या जोड्याला नाक मुरडतो, तोच ड्रिल मशीन, दोन जॅक, सुटे फ्यूज, तीन प्रकारच्या केबली आणि ‘रस्त्यात मिळणार नाही’ म्हणून इंजिन ऑइलचा कॅन घेऊन निघालेला असतो. त्याच्या लेखी ते सामान नसतंच. ती गाडीची गरज. दुसरीकडे मसाल्याचे अकरा डबे ही स्वयंपाकाची गरज असते. स्वतःच्या हातातली वस्तू गरजेची आणि दुसऱ्याची हौसेची, हा पक्षपात कपडे मोजून सुटत नाही. एक जीन्स साधारण सहाशे-सातशे ग्रॅमची. दहा जीन्स कमी केल्या तरी वाचतात सात किलो, म्हणजे सात लिटर पाणी. टाकीचा नळ थोडा आधी बंद केला असता, तर तो अबोला टळला असता.

हिशेब अजून संपलेला नाही. 550 मधून सगळं वजा केल्यावर वरच्या गाडीत 98 किलो शिल्लक दिसतात. पण चालू स्थितीतल्या वजनात पाच टक्के इकडेतिकडे नियमाला चालतं. 2,950 चे पाच टक्के म्हणजे सुमारे 147 किलो. गाडी प्रत्यक्षात त्या वरच्या टोकाला भरत असेल, तर दोघं अगदी शिस्तीत राहूनही पन्नासेक किलोंनी कायद्याबाहेर गेलेली असतात. युरोपातले वाहतूक अधिकारी रस्त्यात गाडी काट्यावर घेतात. जास्त भरली तर दंड वेगळा, वर जादा भार उतरवल्याखेरीज गाडी पुढे सोडत नाहीत.

सामान किती याइतकंच ते कुठे ठेवलं हेही महत्त्वाचं. मागचं गॅरेज मागच्या चाकांच्याही पलीकडे लोंबतं, त्यामुळे तिथला भार तरफेसारखा वागतो. पुढच्या-मागच्या चाकांत चार मीटर अंतर असेल आणि शंभर किलो मागच्या चाकांच्या दोन मीटर मागे ठेवले, तर मागच्या आसावर दीडशे किलो पडतात आणि पुढचा आस पन्नास किलोंनी हलका होतो. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग सैल लागतं, आणि ओढणारी चाकं पुढचीच असतील तर ओल्या चढावर ती जागच्या जागी फिरतात. म्हणून जाणती मंडळी पाण्याच्या बाटल्या, डबाबंद पदार्थ, अवजारं असं जड सामान खाली आणि दोन्ही आसांच्या मध्ये ठेवतात. वरच्या कपाटांत टॉवेल, पाव, चिप्स. वरचं कपाट नीट लागलं नसलं, तर पहिल्याच वळणावर मुरांब्याची बरणी पायाशी येते. सगळं नीट लावूनही एखादा चमचा ताटावर किणकिणत राहतो आणि तो शोधण्यासाठी गाडी दोनदा बाजूला घ्यावी लागते, ते निराळंच.

जोडीदार नसला की हा रोग बरा होतो, असंही नाही. 1960 च्या सप्टेंबरमध्ये लेखक जॉन स्टाइनबेक चार्ली नावाच्या कुत्र्याला घेऊन अमेरिकेच्या फेरीला निघाले. जीएमसीच्या ट्रकवर बसवलेल्या त्यांच्या छोट्या घराचं नाव होतं रोसिनान्ते. डॉन किखोतेच्या घोड्यावरून ठेवलेलं. ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ या 1962 च्या पुस्तकात ते कबूल करतात, की आपण सगळंच गरजेच्या कितीतरी पट घेतलं होतं: अवजारं, दोर, डबाबंद अन्न आणि कधीतरी वाचू म्हणून घेतलेली मणभर पुस्तकं. ‘नको’ म्हणायला पत्नी एलेन बरोबर नव्हत्या. त्या वाटेत काही ठिकाणी भेटल्या. पुढे ओरेगॉनमध्ये भर पावसात मागचं टायर फुटलं, आणि एवढ्या भाराला जास्त दणकट टायर हवेत हे तिथे कळलं. ती गाडी आज कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास गावी, स्टाइनबेक यांच्या नावाच्या केंद्रात पाहायला मिळते.

मराठी कुटुंबांचा या गाड्यांशी संबंध बहुधा येतो तो न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया किंवा अमेरिकेच्या सहलीत, भाड्याने घेतलेल्या गाडीतून. तिथे भरण्याचा वाद मुंबईच्या घरातच सुरू होतो. भाड्याच्या गाडीत ताटं-वाट्या, कढया, अंथरुण-पांघरुण बहुतेक वेळा मिळतं. तरी कुकर आणि तवा बॅगेत जातोच. कुकरची बाजू घ्यायला हवी, कारण गॅस कमी लागतो आणि बंद गाडीत वाफही कमी कोंडते. फोडणीबद्दल मात्र तेच म्हणता येणार नाही. ओट्यापासून हातभर अंतरावर धुराचा भोंगा असतो. मोहरी तडतडली की तो शेजारच्या चार गाड्यांना जागं करतो. कडक कवचाच्या मोठ्या सुटकेसींचे असेच हाल. रिकाम्या झाल्यावर त्या कुठल्याच खणात जात नाहीत आणि दिवसा पलंगावर, रात्री चालकाच्या आसनावर अशा फिरत राहतात. कापडी, घडी होणाऱ्या बॅगा आणा, असं गाडी देणाऱ्या कंपन्या उगाच सांगत नाहीत. न्यूझीलंडला तर खाऊच्या डब्यांचा निवाडा विमानतळावरच होतो. तिथे उतरताना प्रत्येक खाद्यपदार्थ अर्जावर जाहीर करावा लागतो. लपवला आणि सापडला तर जागेवर 400 डॉलर दंड. मध तर नेताच येत नाही.

महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, केरळनेही त्याच वर्षी. आपल्याकडे अशी गाडी सहसा चालकासह मिळते, त्यामुळे एक माणूस आणि त्याची बॅग आधीच धरायची.

मग घरातला तंटा सोडवायचा कसा? उपदेशापेक्षा काटा बरा. बॅगा अडकवून तोलायचा छोटा वजनकाटा स्वस्तात मिळतो. त्यावर आधी अवजारांची पेटी टांगावी, मग कपड्यांची बॅग. प्रत्येकाचं कपाट वेगळं ठेवलं तर निम्मी कटकट मिटते: त्यात हवं ते भरा, पण दार लागलं पाहिजे आणि दुसऱ्याच्या कपाटात अतिक्रमण नाही. पाणी मुक्कामाच्या ठिकाणी भरावं. परत आल्यावर सामानाचे तीन ढीग करावेत: रोज लागलेलं, एकदाच लागलेलं आणि हातही न लागलेलं. तिसऱ्या ढिगातून अग्निशामक आणि प्रथमोपचाराची पेटी बाजूला काढावी. बाकीचं पुढच्या खेपेला घरीच. हा ढीग दोघांनी मिळून करावा, एकट्याने केला तर तो तपास वाटतो.

आणि गाडी ठरवताना किती जण झोपतील एवढंच विचारू नका. किती जण बसल्यावर किती किलो उरतात, ते कंपनीकडून लेखी घ्या. गाडी हातात आली की पाणी, इंधन, सामान आणि सगळी माणसं भरून एकदा वजनकाट्यावर न्या. महामार्गालगत ट्रकसाठी असे काटे असतातच. शक्य असेल तर पुढचा आणि मागचा आस वेगवेगळा तोलून घ्या. काय काढायचं, हे ती पावती हातात आल्यावर ठरवा.