हुंड्यातला किल्ला

1524च्या सुमारास विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम हिचे अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी लग्न झाले. सोलापूरचा किल्ला आणि भोवतालचे साडेपाच परगणे हुंड्यात ठरले होते, असे अहमदनगरकर सांगत. विजापूरकर कानांवर हात ठेवत. लगेच लढाई जुंपली आणि भांडण चाळीस वर्षे पुरले.

परगणे साडेपाचच का, याचे उत्तर भाऊबंदकीत आहे. परांड्याच्या ख्वाजा जहानकडे अकरा परगणे होते आणि त्याचा भाऊ जैनखान याला त्यांतला निम्मा वाटा हवा होता. तो वाटा म्हणजेच हे साडेपाच.

हुंडा मात्र निमित्तच. भीमा-सीनेच्या पट्ट्यातला हा ज्वारीचा मुलूख उघडा आहे. आज चिंचोळी एमआयडीसीच्या शेडी उभ्या आहेत, त्या माळावर फौज अडवील असा डोंगर नाही. विजापूर सोलापूरपासून जेमतेम शंभर किलोमीटर. म्हणजे सोलापूर ज्याच्याकडे, त्याचे घोडदळ दुसऱ्याच्या दारात. डोंगराचे काम इथे भुईकोटाचा दुहेरी तट, खंदक आणि सिद्धेश्वर तलावाचे पाणी करत असे. तटात जुन्या देवळांचे कोरीव दगड चिणलेले दिसतात. किल्ला बांधतानाच काय काय मोडले गेले, ते त्यांवरून कळते.

एकट्याने जमेना, तेव्हा तिसऱ्याला बोलावणे गेले. 1552च्या सुमारास बुऱ्हाणने विजयनगरच्या रामरायाच्या मदतीने सोलापूर घेतले. ते परत मिळवायला पुढे विजापूरच्या अली आदिलशहाने त्याच रामरायाचा हात धरला आणि त्या फौजांनी निजामशाहीतली गावे उद्ध्वस्त केली. साडेपाच परगण्यांशी काडीचा संबंध नसलेल्या रयतेने त्यांची किंमत मोजली. रामराय मात्र दोघांनाही डोईजड झाला.

मग पुन्हा लग्न. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने मुलगी चांदबिबी अलीला दिली आणि या वेळी सोलापूर खरोखरच हुंड्यात गेले. या समेटातून सुलतानांची एकजूट झाली. जानेवारी 1565 मध्ये तालिकोटच्या लढाईत रामराय मारला गेला आणि विजयनगर लुटून ओसाड करण्यात आले. एका किल्ल्याचा तंटा मिटवताना एक राजधानी बेचिराख झाली.

सामाईक शत्रू संपताच एकजूटही विरली. 1595 मध्ये मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला, तेव्हा तटावर चांदबिबीच उभी होती. तिच्या माहेरचा तो किल्ला 1600 मध्ये पडला.