मैत्रीबागेतील पांढरा वाघ

रविवारी खुर्सीपारहून मुलाबाळांसह मैत्रीबागेत येणारी मंडळी हरणांकडे ओझरते पाहून थेट पांढऱ्या वाघाच्या पिंजऱ्यापुढे दाटी करतात. भारत-सोव्हिएत स्नेहाची खूण म्हणून भिलाई पोलाद कारखान्याने १९७२ साली उभारलेल्या या बागेचा लौकिकही बराचसा त्याच प्राण्यावर उभा आहे. हा वाघ बर्फातला असावा, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ज्याच्यापासून पांढऱ्या वाघांचा हा विख्यात वंश वाढला, तो 'मोहन' रीव्याच्या साल-बांबूच्या रानातला. महाराज मार्तंडसिंहांनी १९५१ साली त्याला पकडून गोविंदगडच्या वाड्यात ठेवले.

जमिनीच्या खसऱ्याची नकल उतरताना कारकुनाच्या हातून एखादे अक्षर चुकावे, तशी या वंशाच्या कोण्या पूर्वजात एका जनुकात चूक झाली. चिनी संशोधकांनी २०१३ साली ती हुडकली: प्रथिनाच्या साखळीत ४७७व्या जागी अ‍ॅलानिनऐवजी व्हॅलिन, एवढाच फरक! तेवढ्याने कातडीतील तांबूस-पिवळे रंगद्रव्य लोपले. काळे बहुतांशी टिकले, म्हणून पट्टे शाबूत राहिले. मात्र आई आणि बाप या दोघांकडूनही हीच चूक आल्याखेरीज हा रंग प्रकट होत नाही. मोहनला 'बेगम' या वाघिणीपासून झालेले सारे बछडे नारिंगी निघाले. स्वतःच्याच कन्येपासून, 'राधा'पासून, मात्र १९५८ साली चार पांढरे बछडे जन्मले.

असा फेरफार परिस्थितीला विचारून होत नसतो. तो मंजूर की नामंजूर, हे मागाहून ठरते. हरणांच्या डोळ्यांना नारिंगी आणि हिरवा यांतील भेद उमगत नसल्यामुळे आपल्याला भडक भासणारा वाघ त्यांच्या दृष्टीने गवतातच विरून जातो. पांढऱ्या कातड्याला ही सवलत नाही. तथापि पूर्ण वाढीचे पांढरे वाघही शिकारीत पडल्याच्या नोंदी असल्यामुळे केवळ रंगापायी ते उपाशी मरत असतील, असे म्हणवत नाही; दुर्मिळ कातड्याच्या लोभाने रोखलेली बंदूक हीही त्यांच्या परिस्थितीचाच भाग होती. रानातला शेवटचा ज्ञात पांढरा वाघ १९५८ सालीच मारला गेला.

पिंजऱ्यात हिशेब नेमका उलटला. इथे मांस आयते मिळते, हरणाला चकवायचे नसते, आणि निवड करते ती तिकीट काढून आलेली गर्दी. तिच्या हौसेखातर रक्ताच्या नात्यांत पुनःपुन्हा जोड्या लावल्या गेल्या. रंगद्रव्याच्या अभावी डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंची वाटही चुकते, त्यामुळे यांतले पुष्कळ वाघ तिरळे असतात. जाळीला नाक लावून उभ्या पोराला वाटते, वाघ आपल्याकडेच पाहतो आहे. त्याचा एक डोळा मात्र भलतीकडेच लागलेला असतो.