कुंभाराचं नाव कोणत्या वहीत?

पौषातल्या अमावस्येला आदिलाबाद जिल्ह्यातल्या केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. जत्रेचे मानकरी मेस्राम कुळातले गोंड. ते अनवाणी पायांनी गोदावरीवरच्या हस्तिनमडुगूला जातात, पूजेचं पाणी आणतात, केसलापूरच्या वडाखाली मुक्काम करतात आणि अमावस्येच्या रात्री महापूजा मांडतात. वर्तमानपत्रांत छायाचित्रं येतात ती या पाणी आणणाऱ्यांची, वडाखालच्या गर्दीची आणि पूजेनंतर भरणाऱ्या दरबाराची.

या सगळ्याआधी एक लहानसं काम उरकायचं असतं. मेस्राम मंडळी सिरिकोंड्याला जाऊन तिथल्या कुंभाराला पूजेची मडकी सांगून येतात. मडकी बाजारातून आणायची नाहीत, वाटेत दिसेल त्या कुंभाराकडूनही घ्यायची नाहीत. सिरिकोंड्याचं ते एक घर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. सांगणारे गोंडी बोलणारे, घडवणारा तेलुगू बोलणारा, आणि जत्रेच्या गर्दीत मराठी बोलणारेही भरपूर. कुळातल्या लेकी-जावई याच मडक्यांतून विहिरीचं पाणी आणतात, मगच पुढचे विधी सुरू होतात.

या कुंभाराचा पणजा कोण होता, त्यानं किती मडकी दिली, बदल्यात धान्य मिळालं की पैसे, हे सांगणारी वही कुठं सापडेल? गावागावांतल्या कुंभारांबद्दल हा प्रश्न विचारत गेलं, की कागद कोण लिहितं आणि कशासाठी लिहितं, हेही हळूहळू कळायला लागतं.

ब्रिस्टलचे भाग्यवान

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात 1532 पासूनच्या उमेदवारांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. पोरगा काम शिकायला उस्तादाकडे राहिला, की शहराच्या वहीत नोंद व्हायची: मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव, बापाचा धंदा, उस्तादाचं नाव. उमेदवारी संपवून तो शहराचा हक्कदार नागरिक झाला, की दुसऱ्या वहीत पुन्हा नाव. त्याशिवाय चर्चमध्ये बारसं, लग्न आणि दफन यांच्या नोंदी, आणि घरात काही शिल्लक असेल तर मृत्युपत्र. या धाग्यांवरून डब्ल्यू. जे. पाउंटनी या अभ्यासकानं शहरातल्या जुन्या कुंभारकामाचा इतिहास लावला. त्याचं पुस्तक 1920 मध्ये निघालं. एडवर्ड वॉर्ड नावाच्या कुंभारानं 1683 मध्ये टेम्पल बॅक भागात कारखाना काढला, हे आज खात्रीनं सांगता येतं ते अशा कागदांमुळे.

इंग्लंडच्या 1841 पासूनच्या जनगणनेत घराघरातल्या माणसांची नावं आहेत आणि शंभर वर्षं उलटली, की त्या याद्या लोकांना पाहायला मिळतात. आपल्याकडे निजामाच्या राज्यात पहिली जनगणना 1881 साली झाली. पुढं दर दहा वर्षांनी होत राहिली. त्यात कुंभार किती हे मिळतं, कोण ते मिळत नाही. माणसांच्या नावांचे मूळ कागद बेरजा झाल्यावर जपून ठेवायची पद्धतच नव्हती. स्वतंत्र भारतात 1948 च्या जनगणना कायद्यानं वैयक्तिक नोंदी पाहायची वाटही बंद आहे. म्हणजे ब्रिस्टलकराला जिथं पणजोबाचं नाव भेटतं, तिथं आपल्याला फक्त एक आकडा भेटतो.

तरीही हातपाय गाळायचं कारण नाही. आपल्या वह्या निराळ्या आहेत, इतकंच.

दगडावरची जमा

सगळ्यांत जुनी वही दगडाची. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षाचा लेख आहे. काळ इसवी सनाचं तिसरं शतक. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेनं तिथल्या आजारी भिक्षूंच्या औषधासाठी पैसे दिले, पण ते भिक्षूंच्या हाती दिले नाहीत. गोवर्धन गावातल्या कारागिरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले आणि औषधाचा खर्च व्याजातून चालवला. त्यात ‘कुलरिक’ श्रेणीकडे 1000 कार्षापण ठेवल्याची नोंद आहे. कुलरिक म्हणजे कुंभार, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. पाण्याची यंत्रं करणाऱ्या ओदयंत्रिकांकडे 2000 ठेवले होते.

एकाही कुंभाराचं नाव या लेखात नाही. पण सतराशे वर्षांपूर्वी कुंभारांची संघटना लोकांच्या ठेवी सांभाळण्याइतकी विश्वासाची होती, हे त्या एका ओळीत आलं आहे. कुंभार म्हणजे कायमचा गरीब आणि मागणारा, ही आपली समजूत त्यापुढं जरा डळमळते.

मधल्या कासेतला माणूस

पुढच्या काळात कुंभार भेटतो तो बलुत्याच्या हिशेबात. त्र्यंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ 1915 साली प्रसिद्ध झालं. गावाच्या व्यवस्थेवर मराठीत त्याच्या तोडीचं पुस्तक विरळा. बारा बलुतेदारांच्या तीन कासा किंवा ओळी मानल्या जात. थोरल्या कासेत सुतार, लोहार, महार, मांग. मधल्या कासेत कुंभार, चांभार, परीट, न्हावी. धाकट्या कासेत भट, मुलाणी, गुरव, कोळी. खळ्यावर धान्याचा वाटा कासेप्रमाणे ठरायचा. प्रदेशागणिक ही यादी थोडी बदलते, पण कुंभार तिच्यातून सुटत नाही. घागर, रांजण, डेरा, परळ रोजच्या वापरासाठी. संक्रांतीला सुगडं, नवरात्रात घट, लग्नात मडक्यांची उतरंड आणि शेवटच्या वाटेवर विस्तवाचं मडकं. तेलंगणात लग्नाआधी कुंभाराच्या घरून वाजतगाजत रंगवलेली ‘ऐरेनी कुंडलु’ आणतात. कुठल्याही भाषेचं गाव असो, घरातली मोठी घडी कुंभारावाचून भरत नाही.

अशा माणसाचं नाव कागदावर यायला हवं होतं, पण सगळं सुरळीत चालू असताना कोणी लिहून ठेवत नाही. वतनाची वाटणी झाली, दोन भावांत तंटा झाला, शेजारगावच्या कुंभारानं हद्दीत माल विकला किंवा देणं थकलं, म्हणजे निवाडा होतो आणि निवाड्याचा कागद होतो. मोडी दप्तरांत कारागीर सापडतात ते बहुतेक अशा भांडणांत. ज्याचं आयुष्य शांतपणे गेलं, तो चाक फिरवत आला आणि चाक फिरवत गेला. भांडखोर पूर्वज मात्र वंशजांच्या उपयोगी पडतात.

एक घर, चार लिप्या

आदिलाबादचा शोध मराठवाड्यापेक्षाही किचकट आहे, आणि म्हणूनच जास्त रंगतदार. हा मुलूख 1872 मध्ये सिरपूर-तांडूर हा उपजिल्हा झाला आणि 1905 मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. जुन्या मराठी बोलण्यात आदिलाबादला एदलाबाद म्हणत. हैदराबाद संस्थानाचा कारभार 1884 पर्यंत फारसीत होता, मग उर्दूत आला. गावचा पटवारी आपल्या सोयीनं मोडीत किंवा तेलुगूत लिहायचा. इंग्रज अधिकारी आणि अभ्यासक इंग्रजीत लिहायचे. त्यामुळे कुंभाराचं एकच घर चार लिप्यांत चार रूपांनी दिसू शकतं: मराठीत कुंभार, तेलुगूत कुम्मरी, काही ठिकाणी कुलाल आणि अलीकडच्या कागदांत शालिवाहन.

शेवटच्या नावामागं पैठणची कथा आहे. शालिवाहन राजा कुंभाराच्या घरी वाढला आणि त्यानं मातीच्या सैन्यात प्राण फुंकून लढाई जिंकली, अशी ती लोककथा. कुंभारांनी तिचा मान आपलासा केला. तेलंगणात मागासवर्गीयांच्या ‘ब’ गटाच्या यादीत कुम्मरा, कुलाल आणि शालिवाहन ही नावं शेजारी शेजारी आहेत. महाराष्ट्रात तोच समाज इतर मागासवर्गात कुंभार म्हणून नोंदला जातो. पैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे सोयरीक असलेल्या कुटुंबाला दाखला काढताना एका बाजूला एक शब्द आणि दुसऱ्या बाजूला दुसरा शब्द शोधावा लागतो.

त्यात सीमाही हलल्या. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट भाग नांदेडला जोडला गेला. राजुराही मुंबई राज्यात आला आणि पुढं चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात गेला. किनवटच्या कुंभाराच्या आजोबाची नोंद जुन्या आदिलाबादच्या दप्तरात असू शकते आणि नातवाचा सातबारा नांदेड जिल्ह्यात. तेलंगणाच्या बाजूला राहिलेल्या भावाच्या हाती सातबाऱ्याऐवजी पहाणी येते. तेलंगणात 1954-55 ची खासरा पहाणी जमिनीच्या हक्काचा पायाभूत कागद मानली जाते. आजोबाच्या नावावर कुठं तुकडा होता का, हे पाहायला तिथून सुरुवात करावी. पुढं 11 ऑक्टोबर 2016 रोजी जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले: आदिलाबाद, मंचेरियाल, निर्मल आणि कुमुरम भीम आसिफाबाद. त्यामुळे कचेरीत जाण्याआधी आपलं गाव आता कोणत्या जिल्ह्यात आहे, याची खात्री करून घ्यावी लागते.

साहेबांच्या वह्या

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जातीजमातींचे मोठे ग्रंथ झाले. मध्य प्रांतासाठी रसेल आणि हिरालाल यांचे चार खंड 1916 मध्ये आले. निजामाच्या राज्यासाठी सय्यद सिराज उल हसन यांचा ग्रंथ 1920 मध्ये आला. मुंबई इलाख्यासाठी एन्थोवेन यांचे तीन खंड 1920 ते 1922 या काळात निघाले. जातीकडे बघण्याची त्या काळची सरकारी नजर त्यांत आहे, हे लक्षात ठेवून वाचलं, तर कामाची माहिती हाती लागते. मराठी कुंभारांच्या पोटजातींची नावंच बघा: थोरचाके, लहानचाके, हातघडे. मोठ्या चाकाचे, लहान चाकाचे आणि हातानं घडवणारे. कुंभारांनी आपली ओळख हत्यारावरून ठेवली होती. आडनावं लिहायची पद्धत नंतर रुळली. चाक त्याच्या कितीतरी आधीचं.

खुद्द आदिलाबादचा सर्वांत मोठा अभ्यासक म्हणजे क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ. गोंडांचा पुढारी कुमुरम भीम 1940 मध्ये जोडेघाटच्या लढ्यात मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारनं या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांच्या तक्रारींची मुळं शोधायला सांगितलं. पत्नी बेट्टीसह तो मारलवाई गावात राहिला. केसलापूरच्या जत्रेत अधिकाऱ्यांपुढं गाऱ्हाणी मांडायचा दरबार 1942 पासून भरू लागला, तो त्याच्याच पुढाकारानं. राजगोंडांवरचं त्याचं पुस्तक 1948 चं. त्याच्या टिपणवह्या आणि छायाचित्रं लंडनच्या प्राच्यविद्या आणि आफ्रिका अभ्यासाच्या संस्थेत जपली आहेत. म्हणजे आदिलाबादच्या डोंगरातला एक मोठा दस्तऐवज आज टेम्सकाठी आहे.

गोंडांची स्वतःची वही यापेक्षा जुनी आहे, ती तोंडपाठ आहे. कुळांच्या कथा गाण्याचा मान परधान आणि तोटी यांचा. किंगरीच्या सुरावर ते कुळाची उत्पत्ती, देवाची कथा, कोणाचा मान कुठला, हे सांगतात. केसलापूरच्या पूजेचा क्रम टिकला तो या परंपरेवर. मडकी सिरिकोंड्याहून यायची, हा रिवाजही कोणत्या सरकारी कागदामुळे चाललेला नाही. दर वर्षी तो नव्यानं पाळला जातो, म्हणून चालला आहे.

शोधायचं ठरवलं तर

गेली काही वर्षं मराठवाड्यात हैदराबादच्या नोंदींची चर्चा घरोघर पोचली. कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती 2023 मध्ये नेमली गेली आणि 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयानंतर ‘हैदराबाद गॅझेट’ हा शब्द पोराटोरांच्या तोंडी बसला. या निमित्तानं शाळेचे जुने दाखले, जन्ममृत्यूच्या नोंदी, मोडी आणि उर्दू कागद लोकांनी कपाटांतून काढले. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचं मत काहीही असो, पण तीच कपाटं कुंभारालाही उघडी आहेत.

सुरुवात घरापासून करा. आजोबांचा शाळेत दाखल केल्याचा उतारा सगळ्यांत सोपा, कारण त्यात बापाचं नाव, गाव, जात आणि बऱ्याचदा धंदाही असतो. मग गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी. मग जमिनीचे कागद. महाराष्ट्रात कनिष्ठ गावकामगार वतनं 1958 च्या कायद्यानं आणि हैदराबादेत इनामं 1955 च्या कायद्यानं रद्द झाली. आधी वतन असेल तर त्या वेळच्या चौकशीत त्याचा मागमूस राहण्याची शक्यता असते. निजामकाळातले कागद हैदराबादच्या तारनाका भागात तेलंगण राज्य अभिलेखागारात पाहता येतात. मोडीसाठी पुण्याचं पेशवे दप्तर आहे. पंढरपूर किंवा त्र्यंबकेश्वरला घरातलं कोणी वारी-विधीला गेलं असेल, तर तीर्थोपाध्यायांच्या वहीत गावानुसार नाव मिळू शकतं. गोरोबाकाकांना, म्हणजे संत गोरा कुंभारांना, मानणाऱ्या घरांनी पंढरीची वही तरी जरूर पाहावी.

शोधताना शब्द बदलून पाहा. कुंभार सापडला नाही तर कुम्मर, कुलाल, आणि उर्दू कागदात कुम्हारही पाहा. त्या लिप्या वाचता येणारा माणूस सोबत घ्या. मोडी आणि उर्दू या दोन्ही जाणणारी मंडळी दिवसेंदिवस कमी होत आहेत. तेव्हा हे काम पुढच्या पिढीवर टाकू नका.

आणि ज्यांच्या घरात कुंभार नाही, त्यांनी एवढं करावं. या दिवाळीच्या पणत्या ज्यांच्याकडून घेतल्या, त्यांचं नाव, गाव आणि बापाचं नाव विचारून घरच्या वहीत लिहून ठेवावं. माती कुठून आणतात, आवा कुठं लावतात, हेही विचारावं. शंभर वर्षांनी कोणी शोधायला निघालं, तर एक वही तरी सापडेल.