न पाहता काढलेली ‘अस्सल’ चित्रं

शिवजयंती जवळ आली की नागपुरात महालच्या गांधीगेटपासून त्रिमूर्तीनगरच्या सोसायट्यांपर्यंत मोबाइलवर एक चित्र फिरू लागतं. डोक्यावर मंदिल, टोकदार दाढी, तरतरीत नाक, आणि खाली ठरलेली ओळ: महाराजांचं एकमेव खरं चित्र, डच चित्रकाराने समोर बसून काढलेलं. चित्र बनावट नसतं, ओळ मात्र चुकीची असते. त्या ओळीच्या मुळाशी एक जुनी समजूत आहे. पंधराव्या ते अठराव्या शतकातला युरोपी चित्रकार म्हणजे डोळ्यांनी पाहून हुबेहूब उतरवणारा, आणि आपल्याकडचा म्हणजे ऐकीव गोष्टी मनाने रंगवणारा, अशी ही वाटणी शाळेपासून डोक्यात बसलेली असते. प्रत्यक्ष चित्रं समोर ठेवली तर ती फार वेळ टिकत नाही.

आधी महाराजांच्या चित्राचं पाहू. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये ‘विट्सेन अल्बम’ नावाचा चित्रसंच आहे. निकोलास विट्सेन हा त्या शहराचा महापौर आणि डच ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाऱ्यांपैकी एक. त्याच्या संग्रहातल्या या संचात हिंदुस्थानातल्या राजे-सुलतानांच्या रांगेत शिवाजी महाराज आहेत. ही चित्रं काढणारे हात दख्खनी होते. १६८० च्या आगेमागे गोवळकोंड्याच्या चित्रकारांनी युरोपी गिऱ्हाइकांसाठी असे संच करून विकण्याचा चांगला धंदा उभा केला होता. मछलीपट्टणच्या बंदरात परक्या वखारी होत्याच, त्यामुळे माल उचलायला माणसं तयार. संचात दिल्लीचे बादशहा हवेत, दख्खनचे सुलतान हवेत, आणि वखारींच्या पत्रांमधून ज्याचं नाव सारखं युरोपात पोचत होतं तो मराठा राजाही हवा. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधलं महाराजांचं चित्र याच वळणाचं आहे.

मग तो ‘डच चित्रकार’ आला कुठून? फ्रान्स्वा व्हॅलेंटाइन या डच पाद्र्याने १७२४ ते १७२६ या काळात पूर्वेकडच्या देशांवर एक अवाढव्य ग्रंथ छापला. त्यात महाराजांचं धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र आहे. व्हॅलेंटाइनची नोकरी झाली ती आजच्या इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर, आणि ग्रंथ बाहेर पडू लागला तेव्हा महाराजांच्या निधनाला ४४ वर्षं होऊन गेली होती. समोर बसण्याचा प्रश्नच येत नाही. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेलं चित्रही याच डच वाटेने आलेलं. त्याचं महत्त्व मोठं आहे, कारण तोवर इब्राहिमखान नावाच्या सरदाराचं चित्र महाराजांचं म्हणून खुशाल छापलं जात होतं.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवण्यासारखी. १६७७ मध्ये महाराज गोवळकोंड्याच्या कुतुबशहाच्या भेटीसाठी भागानगरला (आजच्या हैदराबादला) गेले होते आणि तिथे त्यांचा चांगला मुक्काम पडला होता. तेव्हा एखाद्या गोवळकोंडी चित्रकाराने त्यांना पाहिलं असणं सहज शक्य आहे. म्हणजे कुणी पाहिलंच असेल तर ते इथल्या चित्रकाराने. हॉलंडमधल्या कोरक्यापुढे होतं ते फक्त दुसरं चित्र.

चित्रावरून चित्र काढण्याची ही रीत युरोपात किती रुळलेली होती, ते पाहायचं तर आणखी मागे, गोव्याला जावं लागतं.

आल्ब्रेख्त ड्यूररचा गेंडा कलेच्या जवळजवळ प्रत्येक इतिहासात असतो. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या या चित्रकाराने १५१५ साली तो लाकडी ठशावरून छापला. निसर्गाच्या बारीक निरीक्षणासाठी ड्यूररचं नाव घेतात, आणि त्याचा ससा किंवा गवताचा तुकडा पाहिला की ते पटतंही. गेंडा मात्र त्याने जन्मात पाहिला नव्हता.

हा गेंडा गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा दुसरा याचा. गोवा घेऊन चार-पाच वर्षंही झाली नव्हती, तोच पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने दीवला किल्ला बांधायची परवानगी त्याच्याकडे मागितली. सुलतानाने परवानगी नाकारली आणि नजराण्यांच्या देवघेवीत एक गेंडा देऊन वकिलांची बोळवण केली. दरबारी नकाराचा याहून वजनदार नमुना सापडणं कठीण. आल्बुकर्कला त्या जनावराचं काय करावं हे सुचेना, म्हणून त्याने ते पोर्तुगालच्या राजा मॅन्युएलकडे धाडून दिलं. जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून निघालेलं जहाज २० मे रोजी लिस्बनला लागलं. रोमन काळानंतर युरोपच्या भूमीवर जिवंत गेंडा आलेला कुणाच्या ऐकिवात नव्हता. जूनमध्ये राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीच पळून गेला. पुढे राजाने गेंडा पोपला भेट म्हणून पाठवला. १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळदंडात अडकलेलं ते जनावर त्याबरोबर गेलं.

ड्यूररपर्यंत पोचलं ते लिस्बनहून आलेलं एक पत्र आणि एक कच्चं रेखाटन. त्यावरून त्याने जे उभं केलं ते जवळून पाहण्यासारखं आहे. अंगावर चिलखताच्या पाट्या जोडाव्यात तशी कातडी, पाट्यांच्या कडांना रिव्हेटसारखे ठिपके, पायांवर खवले. खांद्यांच्या वर मानेजवळ पिळदार असं एक छोटं जास्तीचं शिंग. वर जर्मन मजकूर आहे, त्यात जनावराचा रंग ठिपकेवाल्या कासवासारखा असल्याचं म्हटलंय आणि ते आल्याचं साल चक्क १५१३ दिलंय.

आता यात दुसऱ्या टोकाचा गैरसमजही होतो, की हे सगळंच थोतांड. तसं नाही. काझीरंगाला जाऊन आलेल्याला विचारा: भारतीय गेंड्याच्या कातडीला खरोखरच ढालींसारख्या जाड घड्या असतात, आणि नाकावर एकच शिंग असतं. न पाहता निम्म्याहून अधिक बरोबर काढणं हीसुद्धा हुन्नरच. पाठीवरचं शिंग तेवढं पदरचं.

त्याच वर्षी आउग्सबुर्गच्या हान्स बुर्गमायरनेही गेंडा छापला. त्याच्या चित्रात पुढच्या पायांना दोर बांधलेला आहे, अंग खरबरीत आहे, पाठीवर शिंग नाही. जास्त खरा गेंडा तोच, पण त्या चित्राची आज एकच प्रत व्हिएन्नात उरली आहे. ड्यूररचा मात्र छापून छापून ठसा फाटेपर्यंत खपला आणि दोनशेहून अधिक वर्षं प्राणिशास्त्राच्या पुस्तकांपासून चिनी मातीच्या भांड्यांपर्यंत नकलला गेला. लोकांना खऱ्यापेक्षा रुबाबदार गेंडा आवडला, हे सरळ आहे. बंगालमधून आलेली ‘क्लारा’ नावाची गेंडीण १७४१ पासून युरोपभर फिरली, फ्रेंच चित्रकार ऊद्रीने १७४९ मध्ये तिला पाहून भलंमोठं चित्र काढलं, तेव्हा कुठे ते मानेजवळचं शिंग गळायला लागलं.

‘युरोपने शिकवलं, हिंदुस्थानने उचललं’ हा समज सगळ्यात चिवट. त्याला उत्तर म्हणून रेम्ब्राँ पुरेसा आहे. हा डच चित्रकार आपला देश सोडून कुठे गेलाच नाही. तरी १६५६ ते १६६१ च्या सुमाराला त्याने मोगल लघुचित्रांवरून वीसहून अधिक रेखाटनं केली. शहाजहान, जहांगीर, दारा शुकोह अशी मंडळी त्यात आहेत. त्यासाठी त्याने पूर्वेकडून आलेला महागडा कागद वापरला, म्हणजे चाळा म्हणून केलेलं ते काम नव्हतं. एका रेखाटनात झाडाखाली बसून चहा-फराळ केल्यासारखे चार मौलवी आहेत. त्यांची बैठक त्याने उचलली आणि १६५६ मध्ये काढलेल्या बायबलमधल्या एका प्रसंगात वापरली: अब्राहम देवदूतांना जेवू घालतोय, तेही जमिनीवर मांडी ठोकून. युरोपात त्या प्रसंगात टेबल असायचं.

उलट दिशेचा पुरावाही तितकाच गमतीचा. १५८० मध्ये गोव्याहून जेझुइट पाद्री फत्तेपूर सिक्रीला अकबराकडे गेले, ते अँटवर्पला छापलेलं सचित्र बहुभाषी बायबल घेऊन. अशाच वाटांनी युरोपी छापचित्रं मोगल कारखान्यात पोचली. १६०० च्या सुमारास तेरा वर्षांच्या अबुल हसनने ड्यूररच्या एका छापचित्रातल्या संत योहानाची इतकी सफाईदार नक्कल केली की ती आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात जपून ठेवली आहे. पुढे जहांगीराच्या दरबारात हाच अबुल हसन नावारूपाला आला. गेंडा ज्या गोव्याहून गेला, त्याच गोव्यातून ड्यूररची छापचित्रं उत्तरेला चढली.

जुन्या गोव्यातली संत फ्रान्सिस झेवियरची समाधी सगळी परदेशातून आलेली, असं अनेक पर्यटकांना वाटतं. संगमरवरी चौथरा आणि ब्राँझच्या पट्ट्या खरोखर फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराच्या. टस्कनीचा ड्यूक कोझिमो तिसरा याने दिलेलं ते काम १६९८ मध्ये इथे बसवलं. वरची चांदीची पेटी मात्र गोव्याच्या कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडवलेली. पट्ट्यांवर आशियातले लोक प्रवचन ऐकताना दिसतात. तेही फोज्जिनीने फ्लॉरेन्समध्ये बसूनच घडवलेले.

शेवटचा गैरसमज नागपुरात हमखास ऐकू येतो: गोऱ्यांनी नेलं म्हणून वाचलं, इथे राहिलं असतं तर गेलं असतं. हे म्हणणाऱ्याकडे दाखलाही असतो. महालातला भोसल्यांचा काळ्या दगडाचा, कोरीव लाकूडकामाने मढवलेला राजवाडा १८६४ च्या आगीत गेला आणि मोठी कमान तेवढी राहिली. दाखला खरा आहे. पण व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यात एक दालन आहे, त्याच्या भिंतींवर शेकडो मोगल आणि दख्खनी लघुचित्रं बसवलेली आहेत. महाराणी मारिया थेरेसाच्या काळात, १७६० च्या दशकात, सजावटकारांनी ती कात्रीने कापली, चौकटींच्या वेलबुट्टीदार आकारांत जुळवली, मधल्या फटी आपल्या रंगाने भरल्या आणि चिकटवून टाकली. रेम्ब्राँने उतरवलेल्या मौलवींचं मूळ चित्र तिथेच आहे.