रुग्णालयातून घरी आल्यावर

झाडावरून पडल्याने किंवा वाहनाच्या अपघाताने पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला जबर इजा झाली, म्हणजे त्या खालच्या अंगाची हालचाल व संवेदना हरपते. शस्त्रक्रिया होते, जीव वाचतो आणि माणूस घरी येतो. खरी कसोटी त्यानंतरची.

बधिर अंगाला वेदना कळत नाही. एकाच जागी भार राहिला की तेथील रक्तपुरवठा खुंटतो आणि शय्याव्रण पडतो. मूत्राशय नीट रिकामे न झाल्यास जंतुदोष मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो. एके काळी मुख्यतः या दोन कारणांनीच असे रुग्ण दगावत.

इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे 1944 पासून डॉ. लुडविग गुटमान यांनी हे चित्र पालटले. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलावयाची, हा त्यांचा कडक नियम होता. परंतु तेवढ्यावर न थांबता त्यांनी काम व खेळ यांनाही उपचारांत स्थान दिले. 29 जुलै 1948 रोजी, लंडनच्या ऑलिंपिकचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, त्यांनी चाकांच्या खुर्चीतील 16 जणांची तिरंदाजीची स्पर्धा भरविली. आजच्या पॅरालिंपिकचे मूळ तेच. धनुष्य ओढल्याने दंड व पाठ बळावते, तोल सावरतो. शिवाय माणूस पुन्हा चारचौघांत येतो.

आपल्याकडे वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस यांना 1954 च्या मोटार अपघातात हीच इजा झाली. खुर्चीत बसूनच त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, आणि पुढे पुनर्वसनाच्या कार्यास वाहून घेतले. पुण्यानजीक खडकी येथेही 1974 पासून जायबंदी जवानांसाठी पुनर्वसन केंद्र आहे.

परंतु प्रत्येक तालुक्यात असे केंद्र कोठून असणार? तेथे समाजानेच पुढे व्हावयास हवे. आठवड्यातून एकदा असे चार रुग्ण एकत्र जमले, तरी पुष्कळ साधते. खुर्चीत बसल्या बसल्या अर्ध्या तासाच्या आत हातांवर जोर देऊन अंग कसे उचलावे, आरशात पाहून कातडीवरील लाली कशी ओळखावी, हे जुना रुग्ण नव्यास जितके पटवून सांगेल, तितके इतर कोणी सांगू शकणार नाही. सोबत परिचारिका असावी, हातांचा व्यायाम असावा, एखादा खेळही असावा.

मात्र त्यासाठी जमण्याची जागा गाठता आली पाहिजे. एक फूट उंचीच्या उंबऱ्यास बारा फूट लांबीचा उतार लागतो. आपल्या गावच्या वाचनालयापुढे तेवढा उतार बांधणे फारसे खर्चाचे नाही. तो नसेल, तर आपला शेजारी घरातच पडून राहील, आणि रुग्णालयाने वाचविलेला जीव आपण आपल्या दाराशी गमावू.